लाल रंग पुसलेलं नाव

"आजपासून तू मला मेलीस... आणि मी तुला!"

टीव्हीवरच्या बाईनं मुलीच्या थोबाडीत मारली, तिची बॅग उचलून बाहेर बर्फात भिरकावली आणि दार धाडकन लावून घेतलं. मुलगी अंगणात क्षणभर उभी राहिली, मग बॅग उचलून मुकाट्यानं चालू लागली... आणि इकडे हात्सुएच्या हातातला जवाच्या गार चहाचा पेला कलंडला, निम्मा चहा तिच्या मांडीवर सांडला.

"अहो आई, सांभाळून!" सून कानाए फडकं घेऊन धावली. "पण काय कजाग बाई आहे हो ही! असली आई वैऱ्यालाही मिळू नये. मेल्यावर हिला परत कशाला पाठवली कोण जाणे! ठेवायची होती तिकडेच."

हात्सुएनं मांडीकडे पाहिलंही नाही. पडद्यावरच्या बर्फाकडे ती एकटक बघत होती. मग स्वतःशीच बोलावं तशी पुटपुटली, "एवढी हलकी नव्हती गं ती बॅग. लांब जाऊन पडायची नाही. कोट होता ना आत..."

कानाएच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

'पुन्हा एक उन्हाळा' ही मालिका त्या वर्षी अख्खा जपान डोळे पुसत बघत होता. किनू नावाची एक तोंडाळ, काळजाची दगड अशी आई मरते, आणि वर गेल्यावर तिला एक उन्हाळा परत मिळतो. परक्या बाईच्या रूपात ती पोटच्या मुलीच्याच घरी स्वयंपाकीण म्हणून येते. अट एकच, आपण कोण ते सांगायचं नाही. दर गुरुवारी रात्री मालिका लागायची. पण हात्सुएला आताशा तेवढं जागवत नसे, म्हणून कानाए ती रेकॉर्ड करून ठेवायची आणि शुक्रवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, दोघी सासू-सुना बघायच्या. मालिकेच्या सुरुवातीला लेखिकेचं नाव यायचं... ओकुइ चिगुसा. त्या दोन शब्दांसाठी हात्सुए भिंतीला टेकून ताठ बसायची. ते नाव तिनंच ठेवलं होतं! चिगुसा तिची थोरली लेक. पंचवीस वर्षं झाली, लेकीनं त्सुरुगा गावात पाऊल टाकलं नव्हतं.

आणि टीव्हीवरची ती किनू कोण, हे हात्सुएला पहिल्याच भागात कळलं होतं. ते पदर खोचल्यासारखं एप्रनचं टोक कमरेत खोचणं, मुळा चिरताना ओठ दुमडणं... लेक काही विसरली नव्हती. दर गुरुवारी साऱ्या देशासमोर ती आपल्या आईला उभी करत होती, आणि देश म्हणत होता, काय कजाग बाई आहे!

"आई," कानाए हळूच जवळ सरकली, "कुठला कोट?"

ओकुइंचं दुकान बंदराजवळ, कोंबूचं. उत्तरेच्या समुद्रातलं ते जाड शेवाळ व्हिनेगरमध्ये मऊ करायचं, पट्टीचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं हातात ताणायचं आणि पात्यानं असा पापुद्रा काढायचा की पलीकडचं दिसावं. लग्न होऊन आल्यापासून हात्सुएनं दुसरं काही केलं नाही. नवरा तरुणपणीच गेला. सासू इसो, तीही विधवाच. घर तिच्या शब्दावर चालायचं. धाकटा मुलगा कोहेई तेव्हा मूत्रपिंडाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, तो जगेल असं कुणीच म्हणत नव्हतं. मग दुकानाला वारस कोण? इसोनं ठरवून टाकलं: चिगुसासाठी ओसाकाच्या एका कोंबू व्यापाऱ्याचा दुसरा मुलगा घरजावई म्हणून आणायचा, त्यानं ओकुइंचं आडनाव लावायचं. साखरपुड्याच्या भेटवस्तूसुद्धा येऊन पडल्या. चिगुसा जेमतेम एकोणीस वर्षांची. तिला तोक्योला जाऊन लिहायला शिकायचं होतं.

"मी नाही जात, आई," एका दुपारी पात्याला धार लावत ती म्हणाली होती. "मी गेले तर आजी तुला सोलून काढेल. राहते मी. कोंबू सोलायला काय, कोणीही शिकतं."

त्या 'राहते मी'नं हात्सुएचं अंतःकरण विदीर्ण झालं. हेच ती स्वतः म्हणाली होती कधीकाळी, आणि राहिली होती... तिनं त्या क्षणी ओळखलं, ही पोर मायेपायी थांबणार. जा म्हटलं तर आपलं तोंड बघून उंबऱ्यातून परत फिरणार. आणि गेलीच, तर महिन्याभरात आजारी भावाच्या, एकट्या आईच्या काळजीनं माघारी येणार. हिची पावलं गुंतवणारी एकच गोष्ट होती या घरात... आईची माया! तीच तोडायला हवी होती.

मग तिनं ती तोडली. क्षुल्लक कारण काढलं, सगळ्यांसमोर लेकीला नाही नाही ते बोलली, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात टाकला आणि बॅग बर्फात फेकली. त्या आधी मात्र, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बॅगेत तळाशी एक जाड काळा कोट कोंबला होता. स्वतःचा कोट झिरझिरीत झालेला, म्हणून सासूचा, देवळात जाताना घालायचा कोट! पुढे इसोनं कोटासाठी घर डोक्यावर घेतलं. "विकून खाल्लास का गं?" हात्सुए मान खाली घालून म्हणाली होती, "वाळत घातला होता, वाऱ्यानं नेला." वाऱ्यानं कोट नेल्याची गोष्ट इसोनं मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगितली.

आणि गंमत अशी... गंमत कसली, दैवाची क्रूर थट्टाच... की तोक्योला पोचल्यावर तो कोट बघून चिगुसाला वाटलं, आजीला दया आली! त्या वर्षीपासून दर वर्षाअखेरीला आजीच्या नावानं मिठाईचा डबा येऊ लागला. डब्यावर आईचं नाव कधीच नव्हतं.

"ही पोरगी माझे कसले आभार मानते गं?" इसो बोळक्या तोंडात मिठाई घोळवत विचारायची.

"लहानपणी तुम्ही लाड केलेत ना, त्याचे," हात्सुए म्हणायची आणि तिला चहा ओतून द्यायची.

हे सगळं त्या दुपारी कानाएनं सासूकडून एकेक शब्द करून काढून घेतलं. ऐकून ती ढसढसा रडली. "मी आत्ताच्या आत्ता फोन करते ताईंना!"

"खबरदार!" हात्सुएचा क्षीण आवाज एकदम धारदार झाला. "मला या पोटातल्या दुखण्यानं धरलंय. आता सांगितलं तर ती दयेनं येईल, आणि हातातलं काम टाकून येईल. शपथ आहे तुला माझी. मी जिवंत असेपर्यंत हे बोलायचं नाही."

डॉक्टरांनी कोहेईला सांगितलं होतं, पानगळीपर्यंत काही खात्री देता येत नाही. तो न जगणारा कोहेई आता दुकान चालवत होता, आणि आईचं दुखणं बहिणीला कळवायचं नाही, हे वचन त्याच्याकडूनही घेऊन झालं होतं. हात्सुएला लेक यायला हवी होती... रात्रंदिवस हवी होती! पण आपणहून. एकदा तरी, मरणाआधी, लेकीच्या तोंडून 'आई' अशी हाक... बस, एवढंच. ते होण्याचं लक्षण मात्र नव्हतं. वसंतात इसो गेली तेव्हासुद्धा चिगुसानं फुलं पाठवली, आली नाही. कारण अंत्यविधीला आई असणार होती.

ओबोन जवळ आला. पितर घरी येतात ते उन्हाळ्यातले दिवस. इसो गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन, म्हणजे थडग्याच्या दगडाचं काम करून घ्यायला हवं होतं. ओकुइंच्या दगडावर दोन नावं लाल रंगात होती. नवरा गेला की हयात बायकोचंही नाव शेजारी कोरून ठेवायचं आणि अक्षरांत लाल रंग भरायचा, हा रिवाज. बाई गेली की रंग पुसायचा. सासू आणि सून, दोघी विधवा एकाच दगडावर इतकी वर्षं लाल अक्षरांत जगत होत्या. आता इसोचा रंग पुसायचा होता.

म्हातारा पाथरवट तेरामोतो सकाळी टेकडीवरच्या थडग्याकडे गेला आणि दुपारी दुकानात येऊन जमिनीला कपाळ टेकून बसला.

"घात झाला हो! मोतीबिंदूनं घात केला... दोन्ही नावं पुसली मी!"

कोहेईचा संताप अनावर झाला. "काका, अहो जित्या माणसाला मारलंत तुम्ही! घरात दुखणं आहे आणि..." कानाएनं तर अशुभ म्हणून उंबऱ्यात मीठच टाकलं. हात्सुए तेवढी हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"उद्याच रंग भरतो, फुकट भरतो," म्हातारा काकुळतीला आला.

"कशाला? चार दिवसांनी पुन्हा पुसायला यावं लागेल तुम्हाला, त्या चढावर, तुमच्या या गुडघ्यांनी! असू द्या. सासूबाईंनी जाताना मला सोबत घेतलं म्हणायचं. हयातभर सोडलं नाही, आता काय सोडणार?"

ओबोनच्या पहिल्या दिवशी दुकान बंद होतं. बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्यापुढे फळं मांडून झाली होती. हात्सुए आतल्या खोलीत, कागदी सरकत्या दाराआड अंथरुणावर पडली होती. तेवढ्यात दुकानाचं दार कुणीतरी एवढ्या जोरात सरकवलं, की काच खडखडली.

"कोहेई!"

हात्सुएचं काळीज लक्कन हललं. पंचवीस वर्षं झाली तरी तो आवाज...!

"अरे नालायका, आई गेली आणि मला साधा फोन नाही केलास? आजीच्या वेळी केलास ना? मग आईच्या वेळी काय बोटं झडली होती तुझी?"

"ताई! अगं ऐक, आई..." कोहेई गडबडून गेला. कानाएनं त्याच्या दंडाला असा काही चिमटा काढला की तो कळवळून गप्पच झाला.

"बोलू द्या त्यांना," ती हळूच म्हणाली.

"काय ऐकू?" चिगुसाचा आवाज फाटला. "मी आजीला भेटून परस्पर जाणार होते. घरी यायचंच नव्हतं मला. दगडावर पाणी घातलं... आजीच्या नावातला रंग गेलेला, तो जाणारच. शेजारी बघितलं तर आईच्याही नावात रंग नाही! मी अक्षरात बोट घालून बघितलं रे, वेड्यासारखं. नुसता गार दगड! तिथून धावत आलेय मी." ती मटकन खाली बसल्याचा आवाज आला. "मला वाटायचं, ती मालिका बघत असेल. चिडेल, फोन करेल, शिव्या घालेल मला. दर गुरुवारी मी फोन उशाशी घेऊन बसायची. शिव्या ऐकायला, कोहेई! त्या निमित्तानं तरी तिचा आवाज... शेवटच्या भागात किनूला माफी मागायला लावणार होते मी. आईनं मागितली नाही, निदान त्या नटीच्या तोंडून तरी ऐकावी म्हणून. आणि ती बघायला राहिलीच नाही!"

दाराआड हात्सुएनं पांघरुणाचा बोळा तोंडात कोंबला. जिवंतपणी जे ऐकायला जीव तळमळत होता, ते मेल्यावर कानी पडत होतं...

"ताई," कानाए शांतपणे म्हणाली, "मी धाकट्याची बायको. आईंनी मला एक शपथ घातली होती, त्या जिवंत असेपर्यंत एक गोष्ट बोलायची नाही म्हणून. आता दगडावर तर त्या गेल्यात. मग शपथ काही उरत नाही, नाही का?" हे शेवटचं वाक्य तिनं चांगलं मोठ्यानं, सरकत्या दाराकडे तोंड करून म्हटलं.

बिलंदर कार्टी! हात्सुए मनात म्हणाली.

"तो कोट आजींनी नव्हता दिला. आईंनी घातला होता बॅगेत. चोरून. त्यासाठी आजींच्या शिव्या आयुष्यभर खाल्ल्या त्यांनी. तुम्ही मायेपायी थांबाल म्हणून माया तोडली हो... तुम्हाला राग यावा म्हणून मारलं, रागानं तरी निघून जाल म्हणून!"

मग जो हुंदका आला, तो एकोणीस वर्षांच्या पोरीचा होता.

"म्हणजे मी... मिठाई पाठवायची आजीला... आणि ती हातानं वाढत असेल ना रे? काही न बोलता? आता कुणाची माफी मागू मी? त्या दगडाची?"

उठावं, दार सरकवावं, लेकीला कवेत घ्यावं... हात्सुएचं सारं शरीर त्या दाराकडे ओढ घेत होतं. पण हात उचलेना. तिला भय वाटलं, साधं बायकी भय. मेलेल्या आईसाठी ही रडते आहे. जिवंत आई समोर आली तर? ती जुनी थोबाडीत आठवेल, ते शब्द आठवतील. मरणानं जे पदरात टाकलंय ते जगण्यानं काढून घेतलं तर? त्यापेक्षा मेलेलंच बरं नाही का? या सुखात डोळे मिटावेत, कुणाला कळूही नये...

बाहेर चिगुसा डोळे पुसत देव्हाऱ्यापुढे आली. उदबत्ती पेटवण्यासाठी तिनं काडी ओढली. बापाचा फोटो होता, आजीचा होता.

"आईचा फोटो कुठाय?" तिनं चहूकडे बघत विचारलं. "कोहेई, आईचा फोटोसुद्धा नाही लावलात तुम्ही?"

आणि हात्सुएच्या तोंडून, तिचं तिलाच न कळता, निघून गेलं, "अजून काढला नाही गं."

पेटलेली काडी चिगुसाच्या बोटापर्यंत जळत आली. कोहेईनं ती फुंकून विझवली. सरकतं दार हळूहळू बाजूला झालं, आणि चौकटीला धरून, पांढऱ्या सुती किमोनोत, पिकल्या केसांची आई उभी होती. ओबोनचा दिवस, पितर यायचा दिवस! चिगुसाचा चेहरा पांढराफटक पडला. तिची नजर सरसर खाली गेली, किमोनोच्या काठाकडे.

"बघतेस काय? भुताला पाय नसतात, मला आहेत," हात्सुएनं काठ वर उचलून दाखवला. "सुजलेत थोडे, पण आहेत. तेरामोतोला दिसत नाही आता. त्यानं पुसलं चुकून."

"आई!"

ती हाक! त्या एका हाकेसाठी... चिगुसा लहान पोरासारखी धावली आणि आईच्या गळ्यात पडली. रागही आला होता तिला, मुठींनी ती आईच्या खांद्यावर मारत होती, "का नाही सांगितलंस? का नाही सांगितलंस?" म्हणत होती, आणि सोडतही नव्हती.

"सांगितलं असतं तर गेली नसतीस. आणि गेली असतीस तर मागे वळून वळून बघत बसली असतीस."

"बघितलं होतं मी वळून. दार बंद होतं."

"दारामागेच होते गं मी," हात्सुए म्हणाली. "तुझी पावलं वाजायची थांबली, तरी तिथेच होते."

मिठीत घेतल्या घेतल्या चिगुसाच्या हातांना काहीतरी जाणवलं. तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. फासळ्यांखेरीज तिथे काही नव्हतं. "आई... एवढीशी कशी झालीस तू?" तिनं भावाकडे बघितलं, कोहेईनं तोंड फिरवलं. कानाए खाली बघत जळक्या काडीचे तुकडे वेचत होती. कुणी काही सांगितलं नाही, आणि चिगुसाला सगळं समजलं. पाथरवटाची चूक थोड्याच दिवसांची होती.

हात्सुएनं त्या वर्षीची पानगळ पाहिली नाही, हे मी आत्ताच सांगून टाकते; उगाच आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही. पण ओबोनचे ते दिवस त्या घरानं फार सुखात काढले. चिगुसानं मुगाच्या पाण्यासारखी पातळ पेज करून आईला भरवली आणि खारट झाली म्हणून बोलणीही खाल्ली. रात्री आईशेजारी अंथरूण घातलं. दोघी किनूवरून भांडल्या. "एवढी काही मी ओरडायची नाही," आई म्हणायची. "याहून जास्त ओरडायचीस," लेक म्हणायची. कोटाचा विषय मात्र कुणी काढला नाही.

पितरांना निरोप द्यायच्या सकाळी चिगुसाचा फोन वाजला. तोक्योहून. शेवटचा भाग अजून लिहून व्हायचा होता, चित्रीकरण खोळंबलं होतं, माणसं ताटकळली होती. दाराआडून हात्सुएला सगळं ऐकू येत होतं. "येते," लेक हलक्या आवाजात म्हणाली, "आज दुपारच्या गाडीनं निघते." मग ती आत आली, आईच्या उशाशी बसली, आणि काही न सुचून पांघरूण सारखं करत राहिली.

"आई, मी दोन दिवसांत..."

"हं."

चिगुसा बाहेर गेली. कोहेईनं तिची बॅग उंबऱ्याशी आणून ठेवली. ती पायरीवर बसून बूट घालू लागली. एक घातला.

'जा. माझी काळजी करू नकोस. मी बरी आहे.' हात्सुएच्या ओठांवर शब्द तयार होते. सासऱ्यांना, नवऱ्याला, सासूला, मुलांना ती जन्मभर हेच म्हणत आली होती. तिला दुसरं येतच नव्हतं. ती भिंतीचा आधार घेत उठली. एक खोली ओलांडायला तिला मैलभर चालल्यासारखी धाप लागली. पायरीशी येऊन ती लेकीच्या मागे उभी राहिली, आणि म्हणायला तोंड उघडलं...

"जाऊ नकोस."

चिगुसानं वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"जाऊ नकोस गं चिगुसा." हात्सुएच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, आणि आज ती त्या पुसत नव्हती. "मला भीती वाटते. थांब माझ्याजवळ. त्या दिवशीही मला हेच म्हणायचं होतं."

चिगुसानं पायातला बूट काढला. फोन तिनं कानाएच्या हातात दिला, "लिहायला कागद पाठवा म्हणावं, मी इथूनच लिहीन," असं काहीतरी सांगितलं, आणि आईला धरून आत नेलं.